झोपेचे दोन तुकडे

कलकत्त्याच्या एस्प्लनेडवरून 1902 साली खिदिरपूरकडे विजेची पहिली ट्राम निघाली आणि पुढे 1984 च्या ऑक्टोबरात भारतातील पहिली भुयारी रेल्वे याच ठिकाणाहून भवानीपूरपर्यंत धावली, हे सर्वश्रुत आहे. परंतु वर्गभेदाचा एक अत्यंत प्रामाणिक नमुनाही या चौकाने अनेक पिढ्यांना दाखविला, याची आठवण फारसे कोणी काढीत नाही. ट्रामला दोन डबे असत, पुढचा पहिल्या वर्गाचा आणि मागचा दुसऱ्या वर्गाचा. पुढच्या डब्यात छताला पंखे फिरत, मागच्यात ते नसत; आणि दोहोंच्या भाड्यात जो काही पैशांचा फरक असे तो कशाबद्दल, हे वैशाखातल्या दुपारी धर्मतल्ल्याच्या थांब्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही माणसाला समजावून सांगावे लागत नसे. दोन्ही डबे एकाच वेळी निघत व एकाच वेळी पोहोचत. पंख्याचे पैसे द्यावयाचे आणि पंखा घ्यावयाचा, इतकाच तो व्यवहार होता.

विमानाच्या पुढच्या कक्षाचा व्यवहार इतका सरळ राहिलेला नाही. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात सणासमारंभाच्या निमित्ताने जी मराठी मंडळी जमतात, त्यांत लंडनला अथवा न्यू जर्सीला असलेल्या लेकीकडे निघालेले एखादे निवृत्त दांपत्य हमखास भेटते. उभा जन्म तृतीय श्रेणीच्या शयनयानात आणि पुढे इकॉनॉमीच्या अरुंद खुर्चीत काढल्यावर, गुडघ्यांनी तक्रार केल्यामुळे म्हणा किंवा मुलांनी हट्ट धरल्यामुळे म्हणा, त्यांनी या खेपेस बिझनेस क्लासने जाण्याचे ठरविलेले असते. आणि मग प्रश्न निघतो तो एकच, ‘‘अहो, एअरलाइन कुठली चांगली?’’ यावर कोणी कतारचे नाव घेतो, कोणी एमिरेट्सचे, कोणी सिंगापूरचे. कोणी भावजयीला विमानात मिळालेल्या पायजम्याचे आणि अत्तराच्या कुपीचे रसभरित वर्णन करतो, आणि एअर इंडियाचे नाव निघताच अर्धी सभा हसते. दरवर्षी स्कायट्रॅक्स नावाची संस्था विमान कंपन्यांची जी क्रमवारी जाहीर करते, तिच्यात 2025 साली कतार एअरवेज पहिली आली, ही माहितीही कोणीतरी पुरवितो, आणि प्रश्न निकालात निघाला असे सर्वांना वाटते.

माझे मत असे आहे की कंपनीचे नाव ही या निवडीतील शेवटची बाब असावी, पहिली नव्हे. पाचपट, सहापट किंवा त्याहूनही अधिक भाडे भरून मनुष्य पुढच्या कक्षात जातो तेव्हा तेथे विकत घेण्याजोगी वस्तू खरोखर एकच असते, ती म्हणजे अंग लांब करून, अखंडपणे घेतलेली निद्रा. बाकीचे सारे, म्हणजे काचेच्या पेल्यातील पेय, ताटावरचा कापडी रुमाल उचलताच दिसणारे पदार्थ, प्रतीक्षालयातील मऊ कोच, हे त्या वस्तूवरील वेष्टन आहे. वेष्टनाची निंदा करण्याचे कारण नाही. पण वेष्टन पाहून माल घेणाऱ्याला दुकानदार नेहमीच आवडता मानतो.

हे कळण्यासाठी या वर्गाचा थोडा पूर्वेतिहास पाहावा लागतो. अटलांटिक महासागरावर स्वस्त ‘टूरिस्ट’ वर्ग 1952 साली आला आणि 1958 साली इकॉनॉमी आला. पुढे प्रचंड जंबो विमाने आली, सवलतीच्या तिकिटांचा सुकाळ झाला, आणि कंपनीच्या खर्चाने पूर्ण भाडे भरून जाणारा व्यापारी अर्ध्या भाड्यात सहलीला निघालेल्या कुटुंबाशेजारी त्याच रांगेत बसू लागला. त्याची कुरकुर शमविण्याची तजवीज म्हणून 1978-79 च्या सुमारास ब्रिटिश एअरवेज, पॅन अ‍ॅम, क्वांटास आदी कंपन्यांनी त्याच्यासाठी वेगळा कक्ष राखला. म्हणजे हा वर्ग जन्माला आला तेव्हा त्यात शय्या नव्हती; होता तो एक पडदा, किंचित रुंद खुर्ची आणि थोडी शांतता. पूर्णपणे सपाट होणारी शय्या या वर्गात आणली ती ब्रिटिश एअरवेजने 2000 साली, आणि तिला सरकते दार लावून खोलीचे स्वरूप दिले कतार एअरवेजने 2017 साली. परिणाम असा की आज ‘बिझनेस’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या कालखंडांतील फर्निचर एकाच वेळी आकाशात हिंडत आहे. कोठे केवळ मागे कलणारी खुर्ची आहे. कोठे उतरती शय्या आहे, जिच्यावर झोपलेला मनुष्य रात्रभर पायांकडे घसरत राहतो. कोठे शय्या सपाट आहे, पण खिडकीपाशी झोपलेल्याला उठावयाचे झाल्यास शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात. आणि कोठे प्रत्येकाला स्वतःची मार्गिका आहे. हे सर्व प्रकार एकाच कंपनीतही आढळतात. एमिरेट्सच्या दुमजली ए380 विमानात वरच्या मजल्यावरील प्रत्येक आसनाला मार्गिका लाभते, तर त्याच कंपनीच्या अनेक जुन्या बोईंग 777 विमानांत दोन-तीन-दोन अशी मांडणी असून मधल्या आसनावरचा गृहस्थ, एवढे मोल मोजूनही, दोघांच्या मध्येच बसतो. एअर इंडियाच्या नव्या ए350 मध्ये एक-दोन-एक अशी रचना आहे, आणि तिच्या मूळ बोईंग 787 मध्ये दोन-दोन-दोन. तेव्हा ‘एमिरेट्स चांगली की एअर इंडिया’ हा प्रश्न विचारताना कोणत्या एमिरेट्सविषयी आणि कोणत्या एअर इंडियाविषयी आपण बोलत आहो, याचा खुलासा विचारणाराही करीत नाही आणि सांगणाराही.

हा गोंधळ सर्वच शहरांचा आहे. परंतु कलकत्त्याच्या प्रवाशापुढे याहून निराळी एक अडचण उभी आहे, आणि ती भूगोलाने नव्हे, इतिहासाने निर्माण केली आहे. एके काळी दमदमच्या धावपट्टीवर उतरल्यावाचून युरोपातून पूर्वेकडे जाताच येत नसे. डच कंपनी के.एल.एम.चे विमान 1924 साली बटाव्हियाला जाताना येथे थांबले; इम्पीरियल एअरवेजने आपली लंडनची सेवा 1933 साली येथपर्यंत आणली; पॅन अ‍ॅमने 1947 साली पृथ्वीप्रदक्षिणेचा मार्ग आखला तेव्हा त्यातही कलकत्त्याचा मुक्काम होता. त्या काळाचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण 2 मे 1953 रोजी दमदमहून दिल्लीकडे झेपावलेले बी.ओ.ए.सी.चे कॉमेट विमान काही मिनिटांतच वादळात सापडून मोडले आणि 43 माणसे प्राणास मुकली. पण जगाच्या हमरस्त्यावर आपण आहो, अशी या शहराची भावना होती आणि ती खोटी नव्हती. मात्र या मानाचे कारण शहराचे वैभव जितके होते, तितकीच विमानांची दुर्बलताही होती. त्यांना इंधनासाठी वरचेवर खाली उतरावे लागे. टाक्या मोठ्या झाल्या, पल्ला वाढला, आणि वाटेवरचे गाव म्हणून मिळालेला मान आपोआप गेला. यापुढे कलकत्त्याला आपल्या विमानांची आसने आपल्याच माणसांनी भरावी लागणार होती.

ती मागे भरली, पुढे भरली नाहीत, हे या कथेचे मर्म आहे. ब्रिटिश एअरवेजने 2009 साली कलकत्त्याचा निरोप घेतला आणि लुफ्तान्साने 2012 साली. दोघांचीही तक्रार तोट्याचीच होती. लांब पल्ल्याच्या विमानाच्या जमाखर्चात पुढच्या मूठभर आसनांचे उत्पन्न साऱ्या उड्डाणाचा तोल सांभाळते, आणि कलकत्त्याहून निघणारा प्रवासी बहुतांशी विद्यार्थी, नातवंडांना भेटायला जाणारी आजी, अथवा परिषदेला निघालेला प्राध्यापक. हे सारे पडद्याच्या मागे बसणारे लोक. याउलट पुण्याचे उदाहरण पाहा. तेथील मोटारउद्योगाच्या जोरावर लुफ्तान्साने 2008 साली पुण्याहून फ्रँकफुर्टला लहानशा विमानाची खास सेवा सुरू केली, आणि ती काही वर्षे चाललीही. पण शेवटी तीही टिकली नाही. साथीच्या काळात, 2020 साली, एअर इंडियाने कलकत्ता-लंडन थेट उड्डाणे केली तेव्हा येथील वृत्तपत्रांना जुने दिवस परतल्याचा भास झाला. तोही अल्पजीवी ठरला. आज या शहरातून युरोपला थेट विमान नाही.

म्हणून कलकत्त्याचा प्रवासी एक झोप विकत घेत नाही, दोन तुकडे विकत घेतो. आणि हे तुकडे कसे पडतात हेच त्याने प्रथम पाहावयास हवे. आखातातून जावयाचे तर दुबईपर्यंत सुमारे पाच तास आणि तेथून लंडनला सुमारे साडेसात तास. पाच तासांतून विमान स्थिरावण्याचा पाऊण तास, जेवणाचा दीड तास आणि उतरण्यापूर्वी खुर्च्या सरळ करविण्याचा पाऊण तास वजा केला, तर हाती दोन तास राहतात, आणि तेही बहुधा मध्यरात्रीनंतरच्या अवेळी. मग परक्या विमानतळावर दिव्यांच्या लखलखाटात ताटकळणे आणि पुन्हा एकदा तोच विधी. क्रमवारीत पहिली आलेली कंपनी या गणितात काहीही बदल करू शकत नाही. याउलट दिल्लीहून जावयाचे तर कलकत्ता-दिल्ली सव्वादोन-अडीच तासांचा प्रवास जागेपणी, खुर्चीत बसून, वृत्तपत्र वाचीत सहज होतो. आणि पुढे लंडनपर्यंतचे नऊ-दहा तास सलग मिळतात. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये आपले आकाश भारतीय विमानांना बंद केल्यावर एअर इंडियाचा पश्चिमेकडील मार्ग लांबला. ही गोष्ट कंपनीला महाग पडली असली, तरी झोपणाऱ्याच्या दृष्टीने ती सर्वस्वी हानीची नाही! ज्या नावाला महाराष्ट्र निवासातील सभा हसली, तेच नाव, विमान नवे असेल आणि शय्या सपाट असेल तर, लंडनला जाणाऱ्या कलकत्तेकरासाठी अधिक शहाणपणाचे ठरू शकते. विमान जुने असेल तर मात्र सभेचे हसणे रास्तच म्हणावे लागेल.

पण हाच न्याय अमेरिकेला लावता येत नाही. दोहाहून न्यूयॉर्क सुमारे चौदा तासांचे आहे. तेथे पहिला पाच तासांचा तुकडा वाया गेला तरी दुसऱ्यात संपूर्ण रात्र मावते, आणि दार लावून झोपण्याच्या सोयीचे खरे मोल त्या टप्प्यावर कळते. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्याने सिंगापूरचा मार्ग धरावा हे उघडच आहे. तेथपर्यंतचे चार तास कसेही काढावेत आणि सिडनीकडचे विमान रात्रीचे आहे की दिवसाचे, एवढेच पाहावे. मुंबईकराला ही विवंचना नाही, त्याला लंडनचे थेट विमान आहे. परंतु नागपूरचा आणि पुण्याचा प्रवासी याबाबतीत कलकत्तेकराचा सहोदर आहे.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी तिकीट विकणारा आपण होऊन कधीही सांगत नाही. जाताना आणि येताना एकाच वर्गाने प्रवास केला पाहिजे असा कोणताही दंडक नाही. पश्चिमेकडे जाताना सूर्य आपल्याबरोबर चालतो, दिवस लांबतो, आणि सकाळी निघणारे विमान साधले तर मनुष्य जागाच राहून संध्याकाळी मुक्कामी पोहोचतो व तेथील रात्री तेथील लोकांबरोबर झोपतो. अशा दिवसाच्या प्रवासात शय्येसाठी लाखाने पैसे ओतणे मला उधळपट्टी वाटते. पूर्वेकडे परतताना मात्र रात्र आखडते. शरीराच्या घड्याळाला ती चोरी सहन होत नाही, आणि घरी आल्यावर आठवडाभर पहाटे तीनला डोळे उघडतात. ज्याच्या खिशात एकाच दिशेच्या पुढच्या कक्षाचे पैसे आहेत, त्याने ते परतीच्या रात्रीवर खर्चावे. त्या रात्रीही विमानातील जेवणाला नम्रपणे नकार द्यावा आणि प्रतीक्षालयातच चार घास खाऊन यावे. पाच पदार्थांच्या आर्जवी जेवणाने जितकी झोप बुडविली आहे तितकी रडणाऱ्या मुलांनीही बुडविली नसेल.

सपाट शय्या ही चैन आहे की गरज, हा वाद आपल्याकडे नेहमी नीतीच्या पातळीवर चढविला जातो. केंद्र सरकारने 2009 साली काटकसरीची मोहीम काढली, मंत्र्यांना इकॉनॉमीत बसविले, आणि शशी थरूर यांच्या ‘कॅटल क्लास’ या उद्गारावरून देशभर गहजब झाला. त्या गहजबात अवघडलेल्या गुडघ्यांचा मुद्दा कोणी काढल्याचे मला स्मरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि याचे कारण वर्ग नव्हे, निश्चलता होय. म्हणजे पुढच्या कक्षात खुर्चीला खिळून बसणाराही सुरक्षित नाही आणि मागच्या कक्षात दर दोन तासांनी चालून येणाऱ्याने भयभीत होण्याचे कारण नाही. माझ्यापुरते बोलावयाचे तर सत्तरी ओलांडलेल्यास, शस्त्रक्रिया झालेल्यास किंवा उतरल्याबरोबर महत्त्वाच्या कामाला जुंपून घेणाऱ्यास मी ही चैन मानीत नाही. आणि ज्याला बसल्या बसल्या झोप लागते अशा चाळिशीच्या आतील धडधाकट माणसाने हे पैसे भरावेत, याला मला एकही सबळ कारण सुचत नाही, प्रतिष्ठा सोडून. प्रतिष्ठेला मात्र विमानात प्रेक्षक फार थोडे असतात, आणि जे असतात ते झोपलेले असतात.

सरकारदरबारी या वर्गाकडे महसुलाच्या दृष्टीने पाहिले जाते. इकॉनॉमीच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर 5 टक्के आहे. पुढच्या वर्गांवर तो 12 टक्के होता आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. सरकार स्वतः जेव्हा आपल्या अधिकाऱ्यांसाठी तिकिटे काढते तेव्हा त्याची शिस्त निराळी असते. अर्थखात्याच्या 2022 च्या हुकुमान्वये ती बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आय.आर.सी.टी.सी. या तीनच अडत्यांकडून घ्यावी लागतात, आणि ज्या वर्गाचा अधिकार असेल त्या वर्गातील स्वस्तात स्वस्त भाडे पाहावे लागते. यांपैकी बामर लॉरी ही 1867 साली कलकत्त्यात स्थापन झालेली पेढी असून तिचे मुख्य दफ्तर एस्प्लनेडपासून चालत जाण्याच्या अंतरावर, नेताजी सुभाष रोडला आहे. स्वस्तात स्वस्त भाडे हा खजिन्याच्या दृष्टीने निर्दोष नियम आहे. परंतु सपाट शय्या आणि घसरती शय्या यांत तो भेद करीत नाही, आणि म्हणून खजिन्यातून बिझनेस क्लासचे पैसे जाऊनही अधिकारी परिषदेत पेंगताना दिसू शकतो.

कायद्याने प्रवाशाला एक हत्यार दिले आहे, तेही अर्धेच. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या 2023 च्या नियमानुसार, प्रवाशाची इच्छा नसताना त्याला खालच्या वर्गात बसविले तर आंतरराष्ट्रीय प्रवासात 1,500 किलोमीटरपर्यंत तिकिटाच्या किमतीच्या 30 टक्के, 3,500 किलोमीटरपर्यंत 50 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के परतफेड ठरलेली आहे. पण वर्ग तोच ठेवून विमान बदलले, आणि आरक्षणाच्या वेळी नकाशावर दाखविलेल्या सपाट शय्येच्या जागी प्रत्यक्षात जुनी कलती खुर्ची पुढे आली, तर त्याला काय म्हणावे? वर्ग बदललेला नाही, म्हणून भरपाई नाही. कंपनीच्या शर्तींत विमान बदलण्याची मुभा राखलेली असते, म्हणून तक्रारही नाही. काउंटरवरील तरुणी गोड हसून दिलगिरी व्यक्त करते, आणि दिलगिरीला पाठ टेकून झोपता येत नाही.

या पळवाटेला अटकाव करणे महासंचालनालयाच्या अधिकारात आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. तिकिटावर वर्गाच्या नावाखाली एक ओळ सक्तीने छापावी: आसन कलते, उतरते की सपाट, आणि प्रत्येक आसनाला मार्गिका आहे की नाही. दोन टप्प्यांचा प्रवास असेल तर दोन ओळी. पुढे विमान बदलून त्या ओळीत न्यूनता आली, तर वर्ग उतरविल्याप्रमाणेच अंतराच्या प्रमाणात परतफेड व्हावी. विमान कंपन्या यास हरकत घेतील. विमानांची अदलाबदल ही सुरक्षिततेची बाब आहे, असे त्या म्हणतील, आणि ते खरेही आहे. अदलाबदल करावीच, पण कमी दिलेल्या मालाचे पैसे परत करून करावी.

तोपर्यंत, ज्यांना येत्या हंगामात जावयाचेच आहे त्यांच्यासाठी दोन किरकोळ गोष्टी. आरक्षण करताना कंपनीच्या जाहिरातीतील छायाचित्राकडे न पाहता उड्डाण क्रमांकासमोर कोणत्या विमानाचे नाव आहे ते पाहावे, आसनांचा नकाशा उघडावा, एका रांगेत किती चौकोन आहेत ते मोजावेत आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा मोजावेत. आणि एस्प्लनेडच्या कोपऱ्यावरील के. सी. दास यांच्याकडून रसगुल्ल्यांचे डबे लेकीसाठी घेतलेच असतील, तर ते सामानातच टाकावेत, हातातल्या पिशवीत ठेवू नयेत. पाकाला सुरक्षारक्षक द्रव पदार्थ मानतात, आणि त्यांच्यापुढे बिझनेस क्लासचे तिकीट चालत नाही.